पऱ्हाटीतलं भविष्य आणि भित्रा पडदा

मराठी टीव्हीवर भविष्य रोज सकाळी दाखवतात. मेषेपासून मीनेपर्यंत, बारा तुकड्यांत. शुभ रंग, शुभ अंक, प्रवास टाळा, वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्या. जयंत नारळीकरांनी 2008च्या सुमारास पुण्यात नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर या धंद्याची चाचणी घेतली होती. 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 कुंडल्या दिल्या. हुशार मुलांच्या कोणत्या आणि मतिमंद मुलांच्या कोणत्या, एवढंच ओळखायचं होतं. बरोबर उत्तरांचं प्रमाण निघालं 46 टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तर याहून बरं जमलं असतं. पडद्यावरच्या राशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. आणि त्याच नारळीकरांनी मराठीत ज्या दुसऱ्या प्रकारचं भविष्य लिहिलं, त्याला आपल्या खासगी वाहिन्यांच्या प्राइम टाइममध्ये अजून खुर्ची मिळालेली नाही.

हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. राशिभविष्य तुम्हाला सांगतं की जे होणार ते ठरलेलं आहे, तुम्ही फक्त रंग सांभाळा. विज्ञानकथा सांगते की जे आहे ते वेगळंही असू शकलं असतं आणि उद्या वेगळं असेल. त्यात कुणाचा फायदा होईल आणि कुणाचा बळी जाईल ते बघा. पहिलं भविष्य सत्तेला सोयीचं आहे. दुसरं कुठल्याच सत्तेला सोयीचं नाही, सरकारी नाही, कॉर्पोरेट नाही आणि घरातलीही नाही. म्हणून आपल्याकडे पडद्यावर पहिलं चालतं आणि दुसऱ्याबद्दल बोलणं निघालं की निर्माते एकदम हिशेबाची वही उघडतात.

आधी त्या वहीचंच बघू.

पैशाचं कारण

'साय-फाय महाग असतं हो' हे वाक्य मराठी मनोरंजनाच्या धंद्यात इतक्या वेळा म्हटलं गेलंय की ते आता कुणी तपासत नाही. ते खोटं आहे. 2014 साली झी मराठीवर 'जय मल्हार' आली. त्यात देव प्रकट होत होते, अस्त्रं सुटत होती, आकाश फाटत होतं, आणि हे सगळं संगणकावर केलेलं होतं. रोज रात्री, काही वर्षं. त्यासाठी पैसा होता. पुढे संतांच्या, देवांच्या, राजांच्या मालिका आल्या. किल्ले उभे राहिले, सैन्यं उभी राहिली. त्यासाठीही पैसा होता. 'रात्रीस खेळ चाले'मध्ये कोकणातल्या वाड्यात काहीतरी वावरत होतं आणि साऱ्या महाराष्ट्राने ते श्वास रोखून पाहिलं. म्हणजे अदृश्य, अतर्क्य, अमानवी गोष्टी बघायला प्रेक्षक तयार आहे आणि दाखवायला निर्माता तयार आहे. अट एकच, त्या गोष्टी भूतकाळातून आल्या पाहिजेत. उद्यातून आल्या की महाग होतात.

उलट बाजूने बघा. 23 नोव्हेंबर 1963ला बीबीसीवर 'डॉक्टर हू' सुरू झालं. निर्माती होती व्हेरिटी लँबर्ट, विशीतली बाई. पहिल्या भागाचा दिग्दर्शक वारिस हुसैन, लखनौमध्ये जन्मलेला, तोही विशीतला. पुरुषांच्या आणि गोऱ्यांच्या त्या इमारतीत या दोघांना कुणी फारसं गंभीरपणे घेत नव्हतं. पैसे इतके कमी की काळातून प्रवास करणारं यान पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखं ठेवलं आणि कथेतच कारण देऊन टाकलं की यानाचा वेषांतराचा यंत्रभाग बिघडलाय. पुढच्याच कथेत टेरी नेशनने लिहिलेले डालेक आले. एका हाताच्या जागी मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप लावलेला. दिसायला हास्यास्पद. पण आपल्यासारखं नसलेलं सगळं संपवून टाकायचं हा त्यांचा एकच ध्यास होता, आणि लंडनवर पडलेले बाँब ज्यांच्या आठवणीत ताजे होते त्या प्रेक्षकांना हे कुणाचं चित्र आहे ते सांगावं लागलं नाही. ते खोकं आणि तो पंप साठ वर्षं टिकले, कारण त्यांच्यामागे एक विचार होता. विचाराला ग्राफिक्स लागत नाहीत. आपल्याकडे ग्राफिक्स आहेत.

'प्रेक्षक तयार नाही' हे दुसरं कारण. 1980च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं आणि इंग्रजी अर्धवट कळणारी घरंसुद्धा ते बघायची. 1989च्या सुमारास 'इंद्रधनुष' आणि 'स्पेस सिटी सिग्मा' आल्या. 1998मध्ये केतन मेहतांनी 'कॅप्टन व्योम' केली, मिलिंद सोमणला घेऊन. त्यातली यानं आज हसू आणतील, पण तेव्हाच्या मुलांनी ती हसून सोडून दिली नाहीत. प्रेक्षक तेव्हा तयार होता. तो मागे गेला असेल तर त्याला कुणीतरी मागे नेलं आहे.

आणि मुळात भारतीय खेड्यात टीव्ही गेला तोच विज्ञानकथेसारखा. 1 ऑगस्ट 1975ला 'साइट' हा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत थेट कार्यक्रम उतरू लागले. शेती, आरोग्य, शिक्षण. विक्रम साराभाईंचं स्वप्न, त्यांच्या मागे पुरं झालेलं. वर्ष मात्र आणीबाणीचं होतं. आकाशातून ज्ञान उतरत होतं आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे रकाने कोरे जात होते. एका वर्षात एवढी मोठी विज्ञानकथा या देशाने जगून दाखवली, आणि ती कुणी लिहिली नाही.

मग खरं कारण काय

खरं कारण रॉड सर्लिंगला माहीत होतं. 1955 साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला आणि मारेकरी निर्दोष सुटले. सर्लिंगने त्यावर टीव्हीसाठी नाटक लिहिलं. प्रायोजकांनी त्याचा इतका चोथा केला की दक्षिणेचं नावनिशाण उरलं नाही, मारला गेलेला माणूस काळा उरला नाही. तेव्हा सर्लिंगला एक युक्ती कळली. जे माणसाच्या तोंडी चालत नाही ते मंगळावरच्या प्राण्याच्या तोंडी चालतं. 1959मध्ये त्याने 'द ट्वायलाइट झोन' सुरू केलं. शेजाऱ्यांवरचा संशय, अणुबाँबची भीती, झुंडीचा न्याय, सगळं त्यात आलं, आणि साबण विकणाऱ्यांनी ते हसत हसत प्रायोजित केलं.

म्हणजे विज्ञानकथा आणि राजकारण यांचं नातं वरून चिकटवलेलं नाही. टीव्हीवर हा प्रकार वाढला तोच राजकारण बोलता येत नव्हतं म्हणून. 'मनोरंजनात राजकारण आणू नका' असं विज्ञानकथेला सांगणं म्हणजे नांगराला सांगणं की माती उकरू नकोस. हे सत्ताधाऱ्यांना लेखकांपेक्षा चांगलं कळतं. 2011 साली चीनच्या सरकारी प्रसारण खात्याने कालप्रवासाच्या मालिकांवर नाराजी जाहीर केली. इतिहासाशी खेळ होतो म्हणून. नायिका गतकाळात जाते आणि तिला तिथे आजच्यापेक्षा बरं वाटतं, यात धोका आहे हे त्या खात्याने बरोब्बर ओळखलं.

आपल्याकडे असं फर्मान काढावं लागत नाही. आपल्याकडे यवतमाळ पुरतं.

जानेवारी 2019मध्ये यवतमाळला 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. एका पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्याने इंग्रजी लेखिका नको म्हणून धमकी दिली आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. पुढे त्या पक्षाच्या अध्यक्षांनीच आपली हरकत नसल्याचं सांगितलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. सहगल यांचं न झालेलं भाषण मराठीत सगळीकडे छापून आलं, आणि झालं असतं तर वाचलं असतं त्याहून जास्त लोकांनी ते वाचलं. उद्घाटन अखेर वैशाली येडे यांनी केलं, यवतमाळ जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीने घर ओढणाऱ्या.

या प्रकरणावर तेव्हा पुष्कळ लिहून झालं. मला त्यातली एकच गोष्ट इथे हवी आहे. कुठलाही कायदा मोडला जात नव्हता, कुठल्याही कोर्टाने मनाई केली नव्हती, कुठल्याही मंत्र्याचा लेखी आदेश नव्हता. एक धमकी आली आणि एक पत्र मागे गेलं. महाराष्ट्रात भीतीला कागद लागत नाही. जिथे एक्याण्णव वर्षांच्या लेखिकेचं भाषण सोसत नाही तिथे भविष्यातल्या महाराष्ट्राची मालिका कोण काढणार? मालिकेला तर रोज रात्री उद्घाटन करावं लागतं.

त्याच वर्षी जूनमध्ये नेटफ्लिक्सवर 'लैला' आली. प्रयाग अकबर यांच्या कादंबरीवरची. आर्यावर्त नावाचं राष्ट्र, शुद्धतेच्या भिंती, विकत मिळणारं पाणी, मुलगी हिरावून घेतलेली आई. बहिष्काराची हाकाटी झाली. एक सीझन झाला, दुसरा आला नाही. जानेवारी 2021मध्ये 'तांडव'वरून गदारोळ झाला, निर्मात्यांनी माफी मागून दृश्यं कापली, आणि पुढच्याच महिन्यात सरकारने ओटीटीसाठी तीनस्तरीय नियमावली आणली. त्यानंतर कुठली पटकथा कुठल्या टेबलावर थांबली याची नोंद कुणी ठेवत नाही. न लिहिलेल्या पानांची नोंद ठेवता येत नाही.

मूल्यं असली म्हणजे जोखीम झाली, असं नाही

इथपर्यंत वाचून माझ्याच बाजूचे लोक माना डोलावत असतील. त्यांच्याशीही भांडायचं आहे.

आपल्या पुरोगामी वर्तुळात एक समज आहे की मालिकेत योग्य मूल्यं घातली की ती धाडसी झाली. स्त्री नायिका, दलित वैज्ञानिक, मुसलमान शेजारी, खलनायक भगव्या कपड्यातला किंवा सुटाबुटातला. यादी पूर्ण, धाडस पूर्ण. 'लैला'चं राजकारण मला पटतं. पण ती बघताना पुढे काय होणार हे प्रत्येक वळणावर आधी कळत होतं, कारण ती ज्या दुःस्वप्नावर उभी होती ते तयार मिळालेलं होतं. लाल कपड्यांतल्या बायकांची अमेरिकी मालिका दोनच वर्षांपूर्वी जगभर गाजली होती. आपण रंग बदलला. ज्याला आर्यावर्त हवं आहे तो ती बघणार नव्हता, आणि ज्याला नको आहे त्याला ती नवं काही विचारत नव्हती. निर्मात्यांनी राजकीय जोखीम खरी घेतली, त्याबद्दल त्यांना सलाम. कलेतली जोखीम घ्यायची राहून गेली.

याच्या उलट 2021ची 'ओके कॉम्प्युटर'. पूजा शेट्टी आणि नील पागेदार यांची. चालकाविना धावणारी टॅक्सी माणूस मारते. गुन्हेगार कोण, यंत्र की यंत्रामागचा माणूस? ती विस्कळीत आहे, कधीकधी नको इतकी खोडकर आहे, पुष्कळांना आवडली नाही. पण तिच्याजवळ उत्तर तयार नव्हतं आणि तिने ते लपवलं नाही. आपल्या पडद्यावर हे क्वचित घडतं.

कलेतली जोखीम म्हणजे काय हे मला असं दिसतं. तुम्ही एक 'समजा' मांडता आणि मग तो जिथे नेईल तिथे जाता, तुमच्या स्वतःच्या लाडक्या मतांना तो धडकला तरी. मूल्यं ही जोखमीची सुरुवात आहे. ती परीक्षेला बसवायची नसतील तर भाषण करावं, मालिका कशाला?

आणि ही परीक्षा कशी असते ते बघायला यवतमाळसारखं दुसरं ठिकाण नाही.

पऱ्हाटीतली विज्ञानकथा

मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचा जीन काढून कपाशीत घातला. कपाशी स्वतःच अळीला विष होऊ लागली. मार्च 2002मध्ये तिला देशात परवानगी मिळाली आणि काही वर्षांत विदर्भाच्या काळ्या रानात दुसरं बियाणं दिसेनासं झालं. भारतात हे तंत्रज्ञान संकरित वाणांत आलं, म्हणजे घरची सरकी राखून पेरायची सोय संपली. दरवर्षी पाकीट घ्या. मग अळीने मार्ग काढला. उत्क्रांती ही काही फक्त पुस्तकातली गोष्ट नाही. 2017मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी आतून पोखरली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी माणसं दवाखान्यात भरती होऊ लागली. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे पंपाची नळी वर धरून फवारायचं आणि तेच अंगावर, तोंडावर घ्यायचं. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. बॅटरीच्या पंपाचा फवारा बारीक, धुक्यासारखा. शेकडो माणसं आजारी पडली, 20च्या आसपास मेली, काहींची नजर गेली. त्यांत कास्तकार होते तसे रोजाने फवारणीला गेलेले मजूरही होते, ज्यांच्या नावावर एक एकरही नव्हता.

हे एका ओळीत लिहून बघा. 'जनुक बदललेल्या पिकाला बदललेली अळी खाते, आणि अळीसाठीचं विष माणसाला मारतं.' कुठल्याही परदेशी वाहिनीच्या टेबलावर ही ओळ ठेवली तर पुढची बैठक लगेच ठरेल. आपल्याकडे ती जिल्हा पानावर संपली.

पुढचं वर्ष. 2018. पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात टी-1 वाघीण, जिला शहरांनी अवनी म्हटलं. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका. तिला शोधायला हत्ती आणले, उष्णता टिपणारे ड्रोन आणले, पॅराग्लायडर आणले, परदेशी जातीचे कुत्रे आणले. आमिष म्हणून एका अमेरिकी कंपनीचं पुरुषांचं अत्तर झुडपांवर शिंपडलं. 2 नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली. एकीकडे जंगलाच्या कडेला शेळ्या घेऊन जाणारी माणसं, जी त्या दोन वर्षांत अंधार पडायच्या आत घरी पळत होती. दुसरीकडे तिच्यासाठी मेणबत्त्या लावणारी शहरं. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात वाघिणीसाठी सुगंध शिंपडणारं सरकार! ही कल्पना कुणी लेखकाने रचली असती तर संपादकाने 'अतिरंजित' म्हणून परत पाठवली असती. या घटनेशी साम्य असलेला 'शेरनी' 2021मध्ये हिंदीत आला, चांगला सिनेमा आहे, पण त्यातलं जंगल मध्य प्रदेशातलं. यवतमाळ तिथेही गळालं.

आणि आता ड्रोन फवारणीला आलेत. 'नमो ड्रोन दीदी' या योजनेत 15,000 महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं केंद्राने 2023मध्ये ठरवलं. पीकविम्यात नुकसान झालं तर 72 तासांत ॲपवर कळवायचं. गावात रेंज नसेल तर झाडावर चढायचं. आपल्या मालिकांमधल्या खेड्यात मात्र अजून सासू तुळशीला पाणी घालतेय, शेतात नेमकं काय पेरलंय ते कधी कळत नाही, आणि वऱ्हाडी बोलणारं पात्र दिसलं की हसायची तयारी ठेवायची.

धडकेची जागा

आता परीक्षा. समजा, कुणी उद्या धाडस केलं आणि यवतमाळवर सहा भागांची विज्ञानकथा लिहायला घेतली. 2040 साल, केळापूर तालुका. बियाणं असं की कंपनीकडून फोनवर आकडा आल्याशिवाय उगवत नाही. आळशी पटकथा कुठे जाईल ते मी आत्ता सांगतो. कंपनी दुष्ट, कास्तकार भोळा, एक कार्यकर्ती पुण्याहून येते, शेवटी देशी बियाणं जिंकतं, पाऊस पडतो. आपण टाळ्या वाजवू. मूल्यं शाबूत.

पण जून 2019मध्ये अकोला जिल्ह्यात, अकोली जहांगीरला, शेतकरी संघटनेच्या लोकांनी जाहीरपणे, सरकारला सांगून, बंदी असलेलं तणनाशक-सहनशील बियाणं पेरलं. सविनय कायदेभंग म्हणून. कास्तकार तंत्रज्ञानाचा बळी आहे, या आपल्या कथेत हा कास्तकार कुठे बसतो? त्याला तंत्रज्ञान हवंय. त्याला परवानगी न देणारं सरकार त्याच्या लेखी खलनायक आहे. 'चोर बीटी' तो चोरून घेतो कारण निंदणाची मजुरी त्याला परवडत नाही. आणि निंदणाची मजुरी म्हणजे कोण? त्याच गावातली बाई, बहुधा भूमिहीन, कोलाम किंवा दलित वस्तीतली, जिचा आषाढ-श्रावणातला रोज त्या तणनाशकाने नाहीसा होतो. ती आणि तो एकाच रस्त्याने शेतात जातात. दोघंही कर्जात आहेत. दोघांपैकी कुणीही खलनायक नाही, आणि एकाचं भलं झालं की दुसरीचं वाईट होतं. पुढच्या भागात त्याच बाईच्या हातात ड्रोन द्या. आता तिची मजुरी दुसऱ्या दहा जणींच्या मजुरीच्या जागी आली. फवारणीने माणसं मेली होती. आता कुणी मरत नाही, पण कुणाला कामही नाही. हे पाऊल पुढचं आहे की मागचं?

मला याचं उत्तर पुस्तकात सापडलेलं नाही, आणि भाषणात तर त्याहून नाही. इथेच मालिका लागते. सहा आठवडे ती बाई आणि तो कास्तकार आपल्या घरात येऊन बसले पाहिजेत, आपण एकदा हिच्या बाजूने आणि एकदा त्याच्या बाजूने झालो पाहिजे, आणि शेवटी स्वतःच्या बाजूबद्दल थोडे अस्वस्थ झालो पाहिजे. निबंधाला हे जमत नाही. बातमीला जमत नाही. अनुदानाच्या जाहिरातीला तर नाहीच. अशी मालिका कंपनीला आवडणार नाही, सरकारला आवडणार नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या चळवळींनाही आवडणार नाही. तिन्हींकडून शिव्या खायची तयारी म्हणजे जोखीम.

नारळीकरांची रिकामी खुर्ची

असं लिहिणं मराठीला जमत नाही म्हणावं तर नारळीकर आडवे येतात. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून. तीही एक जोखीमच. पुढे त्यांनी 'गंगाधरपंतांचं पानिपत' लिहिली. विश्वासरावांना लागलेली गोळी हुकते, मराठे पानिपत जिंकतात. आजच्या वातावरणात ही कल्पना कुठल्याही वाहिनीला विका, ते भगव्या झेंड्यांच्या लाटा आणि ढोलताशे घेऊन येतील. नारळीकर मात्र तिथे थांबत नाहीत. त्यांना विजयोत्सवात रस नाही. त्या विजयाचं पुढे काय झालं यात आहे. त्या जगात विज्ञानाची केंद्रं उभी राहतात, लोकशाही येते, आणि मुंबईत अजून कंपनीचं ठाणं आहे. लाडक्या स्वप्नाला प्रश्न विचारत नेणं यालाच मी वर कलेतली जोखीम म्हणालो.

त्याच कथेत एक प्रसंग आहे. आझाद मैदानावर व्याख्यान चालू आहे आणि मंचावरची अध्यक्षांची खुर्ची रिकामी आहे. गंगाधरपंत, आपल्या जगातल्या सवयीने, ती भरायला जातात. त्या जगातले श्रोते अध्यक्षीय भाषणांना इतके विटलेले असतात की ते त्यांना पिटाळून लावतात. ही कथा अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात देशभरची मुलं वाचतात.

आपण या लेखकाला काय दिलं? खुर्ची. 2021 साली नाशिकच्या 94व्या संमेलनाचं अध्यक्षपद, तब्येतीमुळे ते प्रत्यक्ष जाऊही शकले नाहीत असं. 20 मे 2025ला ते गेले तेव्हा प्रत्येक वाहिनीने श्रद्धांजली दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारा राशी. सन्मान ही मराठीत साहित्यिकाला गप्प करायची सगळ्यात सभ्य पद्धत आहे.

म्हणून मागणं सन्मानाचं नाही. मागणं साधं आहे आणि ते तिघांकडे आहे.

वाहिन्यांकडे: देवांच्या ग्राफिक्सवर जेवढं खर्च करता त्याच्या तुकड्यात सहा भागांची एक मालिका करा. रात्री उशिराची वेळ द्या, हरकत नाही. झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांना विचारा. विदर्भातला प्रेक्षक तिकीट काढून रात्रभर बसतो. पण तिथल्या भाषेत करा, आणि त्या भाषेला हसू नका.

लेखकांकडे: पुण्या-मुंबईत बसून जगबुडी लिहू नका. जगबुडी कुठे हप्त्याहप्त्याने चाललीये ते जाऊन बघा. तिच्याजवळ दुकान आहे, बिलाचं पुस्तक आहे, उधारीची वही आहे. कृषी सेवा केंद्राच्या बाकावर एक दिवस काढलात तर चार सीझन मिळतील. आणि लिहिताना तुमचं मत कथेला सांभाळायला देऊ नका; कथेने ते फोडलं तर फुटू द्या.

आणि आपल्याकडे, म्हणजे असे लेख वाचणाऱ्यांकडे: एखादी मालिका आपल्या मताची आहे एवढ्यावर तिला उचलून धरणं थांबवू. ती फसली तर फसली म्हणू. आणि जी आपल्याला टोचेल तिच्यावर कुणी धमकी घेऊन आला, तर ती टोचली होती हे विसरून तिच्या बाजूने उभे राहू. यवतमाळला 2019मध्ये हेच कमी पडलं. सहगल यांची मतं पटणारे पुष्कळ होते. निमंत्रणाच्या पत्राला धरून ठेवणारे हात पुरेसे नव्हते.

जनुक बदललं, अळी बदलली, फवारणी करणारा बदलला, वाघिणीचा पाठलाग करणारी यंत्रं बदलली. या जिल्ह्यात उद्या केव्हाच येऊन पोचलाय आणि वसुलीही करतोय. त्याची गोष्ट आपण सांगितली नाही म्हणून तो थांबणार नाही. ती फक्त कंपनीच्या जाहिरातीत आणि सरकारच्या फ्लेक्सवर सांगितली जाईल, आणि तिथे शेवट नेहमी गोड असतो.